सांब्र्यातून (बेळगाव विमानतळ) दिल्लीला रायफल न्यायचीय, गोळ्या किती चालतात?

खानापूरकर: मंडळी, दिल्लीला कर्णी सिंग शूटिंग रेंजवर मॅच आहे. दरवेळी रेल्वेनंच जातोय खरं ह्या बारीला रजा नाही म्हणून सांब्र्यातून विमानानं जायचं चाललंय. .२२ रायफल, लायसन माझ्याच नावावर. केबिनमध्ये काहीच चालत नाही ते माहिती आहे, खरं चेक-इनमध्ये गोळ्या किती? एकजण म्हणतोय ५०, दुसरा म्हणतोय ५ किलो.

रेंजवरचा: आयाटाचा (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) नियम माणशी ५ किलो, तेही पॅकिंगसकट. दोघांच्या मिळून एका डब्यात १० किलो भरल्या तर चालत नाही. .२२ ची ५० ची पेटी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हजार राऊंड घेतलास तरी ५ किलो काय होत नाही बघ. खरं काही एअरलाइन आपली लिमिट त्याच्या खाली ठेवतात, म्हणून तो ५० वाला पण खोटा नसेल. तिकीट काढायच्या आधी मेल टाकून लेखी उत्तर घे, फोनवर कोण काय बोललं ते काउंटरवर कोण ऐकत नाही.

शिनोळी नाका: किलोचं राहू दे, आधी लायसनवर एरिया बघ की! नुसतं कर्नाटक असेल तर दिल्ली लांबच, आमच्या शिनोळीत (हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात) पण रायफल आणता येत नाही तुला. ऑल इंडिया नसेल तर आत्ताच डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज टाक, तिथं काय वेगात कामं होतात ते तुला सांगायला नको.

खानापूरकर: अरे देवा, कर्नाटकच आहे 😅 उद्याच जातो. पोरीची एअर रायफल पण न्यायचीय, तिला काय?

रेंजवरचा: .१७७ बोअरची आणि छर्‍याची ताकद २० ज्यूलच्या आतली असेल तर लायसन लागत नाही, बिल आणि असोसिएशनचं पत्र जवळ ठेव. रायफलचा हवेचा सिलिंडर काढून पूर्ण रिकामा कर, हवा भरलेला घेत नाहीत.

माजी फौजी: रायफलमधल्या गोळ्या काढून, बोल्ट काढून, कुलपाच्या हार्ड केसमध्ये. काउंटरवर गेल्या गेल्या स्वतःहून सांगा, बॅग स्कॅनला जाईपर्यंत थांबू नका. आणि शूटिंग जॅकेटचे, किट बॅगचे सगळे खिसे उलटे करून झटका, हँडबॅगेत एक जिवंत राऊंड सापडला तरी आर्म्स ॲक्टखाली केस होऊ शकते, मॅच राहते बाजूला.