इटलीच्या तळ्यांवर सुट्टीचा शेवटचा दिवस: कोमो, गार्दा, माज्जोरे... तुमचा कसा गेला?

अबोली:
काल रात्री भाचीचा फोन आला वरेन्नाहून. ती आणि जावई कोमो लेकला गेलेत, आज रात्री मालपेन्साहून विमान आहे. म्हणे, "मावशी, सकाळी दहाला रूम सोडायची, मग दिवसभर करायचं काय? सरळ मिलानला जाऊन तिथलं मोठं चर्च, ड्युओमो बघू का?" मी म्हटलं अजिबात नको, तिथेच थांबा. फोन ठेवला आणि मग झोपच येईना, आमचा तिथला शेवटचा दिवस सगळा डोळ्यासमोर आला म्हणून हा धागा.

आम्ही पण वरेन्नातच राहिलो होतो. आधीचे दिवस नुसती फेरी पकडायची धावपळ, बेलाजो झालं, मेनाज्जो झालं, त्रेमेत्झोला व्हिला कार्लोत्ता झाला, लेन्नोचा बाल्बियानेल्लो झाला. शेवटच्या दिवशी यादीत काहीच उरलं नव्हतं. हॉटेलवाल्या बाईंनी बॅगा ठेवून घेतल्या, सिटी टॅक्स रोख देऊन टाकला आणि आम्ही दोघं मोकळे. सकाळी पाण्याच्या कडेने ती लाल कठड्यांची वाट आहे ना, प्रेमिकांची वाट म्हणतात तिला, तिथून चाललो. ह्यांना हातात हात घेऊन चालायची सवय नाही, त्या दिवशीही घेतला नाही, पण माझ्या वेगाने चालले हे मला कळलं.

मग व्हिला मोनास्तेरो. बाग लांबलचक आहे, जवळजवळ 2 किलोमीटर, सगळी पाण्याला लागून. मला बागेत रस, ह्यांना आत शिरायचं होतं. कारण मोठे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी! 1954 च्या उन्हाळ्यात फर्मींनी तिथे पायॉन आणि न्यूक्लिऑन ह्या अणूपेक्षाही लहान कणांवर व्याख्यानं दिली होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले. इटलीच्या फिजिक्स सोसायटीची समर स्कूल तिथे 1953 पासून भरते, आता फर्मींच्याच नावाने. ह्यांनी सगळं आयुष्य कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि मला सांगायला लागले, अगदी वर्गात सांगतात तसं, हात हलवत. मला अर्धं कळलं नाही पण मी एकदाही मधे बोलले नाही. इतक्या वर्षांत ह्यांचा तास मी कधी ऐकलाच नव्हता हो! आमच्या अख्ख्या सुट्टीतला तो सगळ्यात चांगला तास. आणि तो मिळाला कारण त्या दिवशी कुठे पोचायचं नव्हतं.

तर लिहा तुमचे. जोडीने गेला असाल तर शेवटच्या दिवशी काय केलं, तळ्यांवरचंच पाहिजे असं नाही पण तिथलं असेल तर आवडेल.

वरणभात:
फोटो टाका ना ताई, असं नुसतं वाचून जीव तुटतो

घाटवळण:
आम्ही माज्जोरेला, स्ट्रेसाला मुक्काम. शेवटच्या दिवशी दुपारी गाडी होती, मिलानची. इसोला बेल्ला हे तळ्यातलं बेट आधीच बघितलं होतं, पांढरे मोर वगैरे, छान आहे पण गर्दी फार. तर बायको म्हणाली इसोला माद्रे ह्या दुसऱ्या बेटावर जाऊ, तिकडे तिला एक झाड बघायचं होतं. झाडवेडी आहे, बॉटनी शिकलेली. राजवाड्यासमोर एक प्रचंड सायप्रस आहे, काश्मीर सायप्रस म्हणतात त्याला. एकोणिसाव्या शतकात बिया लावून वाढवलेलं. 2006 च्या वादळात ते मुळासकट आडवं झालं होतं. आपल्याकडे असतं तर दुसऱ्या दिवशी करवत आली असती. ह्या लोकांनी क्रेन लावून ते परत उभं केलं आणि स्टीलच्या तारांनी चारी बाजूंनी ताणून बांधलं, आणि ते जगलं! आजही तारा दिसतात. फांद्या अशा खाली लोंबतात, निळसर हिरव्या.

बायकोने सांगितलं की नावात काश्मीर असलं तरी हे झाड मूळचं भूतान-अरुणाचल बाजूचं. ती तिथेच उभी, बोट लागली, गेली, ही हलेना. मी पण मग घाई केली नाही, पुढच्या बोटीने गेलो. वडिलांचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं होतं तिच्या, ती काही बोलली नाही पण तारांकडे बघत होती हे मी बघितलं. ते बरे आहेत आता, ऐंशी पार केली.

अबोली:
@घाटवळण किती सुंदर. वडिलांना नमस्कार सांगा.

खमंग:
कोणी खाण्याचं लिहीत नाहीये का 😀 कोमोला शेवटच्या दुपारी आम्ही पित्सोक्केरी खाल्लं, वाल्तेल्लीना खोऱ्यातला पदार्थ आहे, तळ्याच्या उत्तरेला. बकव्हीटच्या रुंद पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, भरपूर चीज आणि लसूण घातलेलं लोणी. शाकाहारी माणसाला ह्यापेक्षा सुख नाही. रिझोत्तो म्हणजे तिथला मऊ भात, तो मागवताना मात्र विचारून घ्या, स्टॉक बऱ्याचदा मांसाचा असतो. नवरा मासे खातो त्याने पर्चचा रिझोत्तो घेतला, तळ्यातला मासा, आणि मिस्सोल्तीनी म्हणून सुकवलेले मासे पोलेंटाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीबरोबर. त्याला लहानपणचं मालवण आठवलं, आजी सुकट कशी भाजायची ते सांगत बसला बिल येईपर्यंत

नाखवा:
तळ्यातला मासा सुकवतात हे माहीत नव्हतं. कोणता मासा?

खमंग:
आगोने म्हणतात, शॅडच्या जातीतला. मीठ लावून उन्हात वाळवतात आणि मग तमालपत्र घालून डब्यात दाबून ठेवतात. तेल सुटतं त्याचं. खारट आहे हं चांगलंच.

यमुनाकाठ:
बकव्हीट म्हणजे कुट्टू की! आमच्या दिल्लीत नवरात्रात सगळीकडे मिळतो. मग हे पित्सोक्केरी उपासाला चालेल का 😄

खमंग:
पट्ट्यांत थोडं गव्हाचं पीठ असतं, वर कोबी आणि लसूण. नाही चालणार. शिंगाड्याचं करून बघ, मला सांग.

सांजपाखरू:
आमची वेगळीच गोष्ट. गार्दा, पेस्किएराला राहिलो होतो, सकाळी बॅगा ओढत स्टेशनवर आलो तर संप. बोर्डावर एकामागून एक गाड्या रद्द, नवरा एकदम गप्प, त्याचं गप्प होणं म्हणजे वादळाआधीची शांतता, मी पण चिडलेली कारण आदल्या रात्री मी म्हणत होते की वेनिसलाच शेवटची रात्र काढू. तिथे एक कॉलेजची मुलगी होती तिने सांगितलं की संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात, कायदाच आहे तसा. 9 वाजून गेले होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत अडकलो. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं म्हणून बरं.

तर बॅगा एका बारवाल्याने ठेवून घेतल्या (कॉफी तिथेच घेतली, उभ्याने) आणि आम्ही गावाच्या तटावर चढलो. पेस्किएरा म्हणजे अख्खं गाव तटबंदीच्या आत आहे, वेनिसवाल्यांनी बांधलेली, 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. आम्ही तिथे राहून ती नीट बघितलीच नव्हती, रोज बोटीने सिर्मिओने नाहीतर मालचेझिने. मिन्चो नदी तिथूनच तळ्यातून बाहेर पडते, तिच्या काठावर बसलो, नवऱ्याने बूट काढले, पाय पाण्यात, आणि मग म्हणाला की मला नोकरी सोडायची आहे. असंच. वर्षभर मनात होतं म्हणे, वेळच मिळत नव्हता बोलायला. तीन-चार तास आम्ही फक्त त्यावर बोललो, ईएमआय, मुलीची फी, सासूबाईंचं औषधपाणी, सगळं तिथे त्या नदीवर बसून. गाडी आली तेव्हा ठरलं होतं. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे चाकणला. त्या संपाबद्दल माझ्या मनात आज काही राग नाही.

वरणभात:
बाप रे. हे वाचून अंगावर काटा आला. चाकणला कशाचं वर्कशॉप?

सांजपाखरू:
सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं. छोटे पार्ट.

वरणभात:
माझा भाऊ पण तिकडेच आहे, व्यनि (खाजगी निरोप) करते

पांढरा चाफा:
मी सहसा लिहीत नाही. मुलगा झुरिकला असतो, त्याच्याकडे गेलो असताना त्याने आम्हा दोघांना कोमोला पाठवलं होतं, म्हणाला बाबा तुम्ही दोघंच जा. शेवटच्या दिवशी कोमो गावातून ब्रुनातेला वर गेलो, केबलने ओढलेली रेल्वे आहे, 1894 पासून चालू. सौ.चे गुडघे दुखायचे, डोंगर चढणं तिला शक्य नव्हतं. सात-आठ मिनिटांत वर. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या उंचावरून खाली बघते आहे आणि धाप लागलेली नाही, असं म्हणाली. खाली व्होल्टाचं स्मारक दिसत होतं, पांढरं, पाण्यालगत. विजेची बॅटरी शोधणारा व्होल्टा त्याच गावचा. मी एमएसईबीत होतो त्यामुळे तिने मला चिडवलं, की इथेही तुमचं ऑफिस आलंच मागे.

खाली दिवे लागेपर्यंत थांबायचं तिचं मन होतं. थांबलो. मुलगा फोनवर फोन करत होता, शेवटची गाडी चुकेल म्हणून. ती म्हणाली चुकू दे. चुकली नाही.

पुढच्या वर्षी ती गेली. मुलाला आजवर मी एवढंच सांगितलंय की ट्रिप छान झाली. आज तुमचं वाचून वाटलं, त्याला सगळं सांगायला हवं.

अबोली:
काका, आजच सांगा. 🙏

सांजपाखरू:
काका... 🙏 "इथेही तुमचं ऑफिस आलंच मागे" हे वाचून हसले आणि रडले.

घाटवळण:
🙏

शेवंती:
आमचा शेवटचा दिवस पूर्ण पावसात, नोव्हेंबर होता. कोणी जाणार असेल तर लक्षात घ्या, थंडीत बरेच व्हिला आणि बागा बंद असतात, बोटीही कमी होतात. पण हॉटेल निम्म्या पैशात आणि बेलाजोच्या पायऱ्यांच्या गल्ल्यांत आम्ही दोघंच. मला ते जास्त आवडलं. नवऱ्याला नाही 😀

नाखवा:
मी बंदरातला माणूस, मला वाऱ्याचं फार आवडलं तिथे. कोमोवर सकाळी उत्तरेकडून तिवानो वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा. शिडाच्या बोटीवाले त्यावर घड्याळ लावतात. शेवटच्या दिवशी हिच्याबरोबर धक्क्यावर बसून नुसतं वारा फिरायची वाट बघितली. हिने स्वेटर विणायला काढला होता. वारा फिरला तेव्हा तिलाच आधी कळलं, लोकरीचा गुंडा उलटीकडे पळाला!

अबोली:
भाचीचा मेसेज आला. ड्युओमो रद्द. व्हिला मोनास्तेरोच्या बागेत आहेत, जावई बाकावर झोपलाय म्हणे 😀

खमंग:
झोपू दे त्याला. पण गाडीचं बघायला सांग, वरेन्नाहून मिलान चेंत्राले तासाच्या वर लागतं, पुढे मालपेन्सा एक्सप्रेसला अजून साधारण पाऊण तास ते तासभर. आणि एक गाडी हुकली तर पुढची लगेच नसते. कागदाचं तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये शिक्का मारायचा. आणि उजव्या हाताला बसा, तळं लेक्कोपर्यंत त्याच बाजूला दिसतं.

अबोली:
सांगितलं. तिने सासूबाईंसाठी कोमोचा सिल्कचा स्कार्फ घेतलाय, टॅक्स रिफंड मिळेल का विचारतेय, मला माहीत नाही, कोणाला माहितीये का?

शेवंती:
एका दुकानात 70 युरोंच्या वर बिल असेल तर मिळतो, 2024 च्या फेब्रुवारीपासून मर्यादा कमी केलीय, आधी दीडशेच्या वर होती. पण दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायला हवा होता. घेतलाय का?

अबोली:
घेतलाय म्हणते, पर्समध्ये आहे.

शेवंती:
मग स्कार्फ मोठ्या बॅगेत टाकू नको म्हणावं, हातातच ठेव, कस्टमवाले वस्तू बघायला मागू शकतात. रांग असते संध्याकाळी, थोडं लवकर पोचा.