शासकीय सेवेत अभियंत्याचे ज्ञान खरेच गंजते का?

शासकीय सेवेत गेलेला अभियंता निविदा, देयके आणि पत्रव्यवहार यांत अडकून आपली विद्या विसरतो, असे अनेकदा म्हटले जाते. उपविभागातील कामापुरते ते बरेचसे खरे आहे, मात्र संपूर्ण सेवेला तेच माप लावणे मला अन्यायाचे वाटते.

जलसंपदा विभागाचेच पाहा. नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत धरणांची, सांडव्यांची आणि दरवाजांची संकल्पचित्रे, म्हणजे रचनेचे तांत्रिक आराखडे, तयार होतात. तेथेच 'मेरी' (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेत माती, काँक्रीट व जलशास्त्र यांवर काम चालते. कोयनेच्या शिवसागर जलाशयात 1999 साली आणि पुन्हा 2012 साली, जलाशय रिकामा न करता, तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्याचे जे सरोवर छेदन झाले, त्यामागे याच खात्यातील अभियंत्यांची अनेक वर्षांची मेहनत होती, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

म्हणूनच लोकसेवा आयोगाची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा परीक्षा देणाऱ्यांनी केवळ पद व वेतनश्रेणी न पाहता, निवड झाल्यावर सुरुवातीची काही वर्षे संकल्पचित्रे किंवा प्रत्यक्ष बांधकाम यांत मिळावीत यासाठी आग्रहाने प्रयत्न करावा. झालेल्या कामाची मापे ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदीही कमी लेखू नयेत, कारण कंत्राटदाराला मिळणारी रक्कम त्या नोंदींवर ठरते आणि त्यांखाली सही आपली असते.