गेम आणि रोबो: चक्र एकच

'गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, खरं इंजिनिअरिंग रोबोटिक्समध्येच' हे मत मला अजिबात पटत नाही. १९९३ च्या 'डूम' या गेमचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) १९९७ मध्ये खुला झाला. त्यात गेमचं जग सेकंदाला ३५ वेळा पुढे सरकतं: इनपुट वाच, स्थिती बदल, चित्र काढ. रोबोही हेच करतो, फक्त चित्राऐवजी मोटर फिरवतो.

फरक पडतो तो खऱ्या जमिनीवर चाक घसरतं तेव्हा. माझा लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या पट्टीवरून चालणारी रोबो-गाडी, वळणावर सारखा डुलायचा. चूक, म्हणजे गाडी पट्टीवरून सरकलेली, दिसली की जोरात वळवायचं, एवढंच मी कोडमध्ये लिहिलं होतं. 'पीआयडी' या नियंत्रणाच्या पद्धतीतला 'डी', म्हणजे चूक किती वेगाने बदलतेय त्याचा हिशोब, जोडला आणि गाडी काळ्या पट्टीवर शांत चालू लागली. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.