किनोआला एकरी खत किती? सिन्नर पूर्व भाग, दोनच पाणी

कोरडवाहू_सिन्नर:
रब्बीत दोन एकर किनोआ (बारीक दाण्याचं धान्य) करायचाय. जमीन मध्यम, चुनखडीची, सामू (pH) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के. शेततळ्यातून पेरणीला एक आणि महिनाभराने एक, एवढंच पाणी बसेल. दुकानदार एकरी तीन गोण्या युरिया आणि मायकोरायझा (मुळांवर वाढणाऱ्या बुरशीचं खत) सांगतोय. एवढं लागतं का?

काळीमाती:
नाही भाऊ. 45 किलोच्या तीन गोण्या म्हणजे 62 किलो नत्र. दोन पाण्यांत नुसता पाला माजेल, कणीस उशिरा निसवेल आणि दाणे भरताना पीक लोळेल. उशीर झाला की फुलोरा उन्हात सापडतो. पारा 35 अंशांवर गेला की दाणे पोचट राहतात.
एकरी 40 किलो नत्र ही वरची हद्द धरा. पेरणीला डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) एक गोणी आणि युरिया अर्धी. मग 30–35 दिवसांनी, पाणी देण्याच्या तोंडावर, युरिया एक गोणी. ते पाणी हुकलं तर ही गोणी टाकूच नका. चुनखडीच्या कोरड्या रानात वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. टाकण्याआधी चार बोटं खालची माती मुठीत दाबून बघा; लाडू वळला तरच कोळप्याने मातीआड करा.

पाभर_आणि_कोळपं:
डोसापेक्षा जास्त नुकसान खत बियाला चिकटल्याने होतं. दुचाडी पाभर वापरा: खत 5–7 सेंमी खोल, बी दीड-दोन सेंमीवरच. एकरी दोन-अडीच किलो बी चाळलेल्या वाळूत मिसळा, ओळी 30–45 सेंमीवर. पहिलं पाणी तुषारने हलकं द्या. पाटाने दिलं तर बी गाडलं जातं, वर पापडीही धरते.
मायकोरायझाचे पैसे वाचवा. किनोआ पालक-बीटच्या कुळातला, त्याच्या मुळांवर ती बुरशी नीट वस्तीच करत नाही. ते पैसे शेणखतात घाला, पण पुरतं कुजलेल्या. कच्च्या खतातून चाकवत येतो, आणि रोपं लहान असताना चाकवत कुठला न किनोआ कुठला, खुरपणाऱ्या बायकांनाही कळत नाही.

कोरडवाहू_सिन्नर:
डीएपी मिळालं नाही तर? आणि पोटॅश?

काळीमाती:
सिंगल सुपर फॉस्फेट तीन गोण्या. स्फुरद जवळपास तेवढंच, वर गंधक मिळतं. त्यात नत्र नाही, म्हणून पेरणीचा युरिया अर्धीऐवजी एक गोणी करा. पोटॅश माती परीक्षणात कमी दिसलं तरच, तेही पेरणीलाच.