मदत हवी आहे: लक्झेंबर्गचा निधी आणि एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) पूर्वपरवानगी

आम्ही गोवंडीत, देवनार डम्पिंगच्या जवळ, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. लक्झेंबर्गची एक संस्था आमच्याबरोबर प्रोजेक्ट करायला तयार आहे. देश एवढासा, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास १ टक्का विकास मदतीवर खर्च करतो, आणि तिथलं परराष्ट्र मंत्रालय मान्यताप्राप्त संस्थांच्या प्रोजेक्टचा मोठा वाटा उचलतं. आपण थेट अर्ज करू शकत नाही, तिकडची संस्था करते, आपण स्थानिक पार्टनर.

आता घोडं अडलंय ते इथे. ट्रस्टला तीन वर्षं पूर्ण नाहीत म्हणून एफसीआरए रजिस्ट्रेशन मिळणार नाही, राहिली पूर्वपरवानगी, म्हणजे एफसी-३बी हा फॉर्म, आणि त्याला देणगीदाराचं कमिटमेंट लेटर लागतं रकमेसकट. तिकडची संस्था म्हणते, त्यांच्या मंत्रालयाची मंजुरी आल्याशिवाय पक्कं लेटर देता येत नाही, आणि मंजुरीसाठी तुम्ही पैसे कायदेशीर घेऊ शकता हे आधी दाखवा.

सीएला विचारलं, त्यांनी अशी केस केलेली नाही. दर्पण आयडी (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंदणी), आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, सगळं आहे. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत घ्या असं कृपया सुचवू नका, २०२० च्या दुरुस्तीनंतर ते बंदच झालंय. परदेशी निधीसाठी लागणारं स्टेट बँकेच्या दिल्ली मेन ब्रांचचं खातं इथल्या ब्रांचमधून उघडता येतं तेही माहीत आहे.

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा प्लीज: "मंत्रालयाच्या मंजुरीच्या अधीन" असं लिहिलेलं लेटर पूर्वपरवानगी देणाऱ्या केंद्रीय गृहखात्याला चालतं का? आणि फॉर्ममध्ये देणगीदार म्हणून ती संस्था दाखवायची की लक्झेंबर्ग सरकार?