पिल्लूच हवं असं नाही

जोडीदार गेल्यावर कुत्रा आणणं म्हणजे दुःखापासून पळणं, हे मत मला पटत नाही. दुःख कुठे जात नाही. पण दाराशी कुंई कुंई करणारं कुणी असलं की सकाळी अंथरुणातून उठावंच लागतं. शिवाय माणसं धीर देता देता सल्लेही देतात, हे बापडं तेवढं करत नाही! मात्र सत्तरीच्या आसपास असाल तर पिल्लाच्या फंदात पडू नका. कुत्रा साधारण १० ते १३ वर्षं जगतो, मांजर बरेचदा १५च्या पुढे. ६-७ वर्षांचा, शांत स्वभावाचा, सवयी लागलेला कुत्रा दत्तक घ्या. पट्ट्याला हिसका देऊन पाडण्याची भीती कमी. आणि आपण आजारी पडलो तर त्याला कोण बघणार, हे मुलांशी आधीच बोलून घ्या.