कॅमेरा दिसला की पोट आत घेणाऱ्या बाईंचं पोर्ट्रेट: उजेड, लेन्स आणि पोझ कशी ठेवावी?

उंबरठा:
वय ४८, अंगाने भरलेल्या. कॅमेरा समोर आला की श्वास रोखतात, हनुवटी छातीला टेकते. 'आहे तशीच, पण बरी दिसू दे' एवढंच म्हणणं आहे. १२ बाय १० फुटांची खोली, उत्तरेला मोठी खिडकी, क्रॉप सेन्सर (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी आणि १८-५५ मिमी लेन्स. रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) नाही. सुरुवात कुठून करू?

झरोका:
५० लावा. मुद्दा अंतराचा आहे: कॅमेरा चेहऱ्यापासून किमान दीड मीटर हवा. ३० सेंमीवरून काढलेल्या सेल्फीत त्याच्या तुलनेत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. 'माझे फोटो चांगले येत नाहीत' हा ग्रह बहुधा तिथूनच होतो. फोनवर ३० सेंमीवरून एक आणि दीड मीटरवरून झूम करून एक, असे दोन काढून आधी दाखवा.
५० ने या खोलीत पूर्ण उभा फोटो बसणार नाही. बसवून गुडघ्यापर्यंत घ्या, अडीच-तीन मीटर पुरतात.
खिडकीला पातळ पांढरा पडदा (धुतलेलं धोतरही चालतं), खुर्ची तिच्यापासून मीटरभर. चेहरा थोडा खिडकीकडे वळवा म्हणजे कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत जातो आणि चेहरा निमुळता दिसतो. त्या बाजूला दोन-तीन फुटांवर थर्माकोल शीट धरा, पण सावली पुरती मारू नका. ट्यूबलाइट बंद, नाहीतर कातडीवर हिरवट झाक येते. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तोही रंग गालावर उतरतो, पांढरी चादर टांगा.

कडीपत्ता:
'पोट आत घेऊ नका' म्हटलं की ते आणखी आत जातं. त्यापेक्षा श्वास सोडायला सांगा आणि सोडता सोडता क्लिक करा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर, जरा तिरपं बसवा. दंड अंगाला दाबला की पसरतो, म्हणून कोपर दोन बोटं बाहेर. कासवासारखी मान पुढे, मग हनुवटी किंचित खाली. बाजूने बघायला विचित्र, पण समोरून जबड्याची रेषा सुटी होते. पदर सरकला तर हात लावू नका, स्वतःच्या खांद्यावर करून दाखवा. आणि 'वा, बारीक दिसताय!' म्हणालात तर पुढचा तासभर पोट आतच.

उंबरठा:
मधेमधे स्क्रीनवर दाखवू का? एडिटिंग किती?

झरोका:
पहिली २० मिनिटं नको, मग निवडून तीनच. 'ही मी नाहीच' म्हणाल्या तर तोच फोटो फ्लिप करून दाखवा. स्वतःला आपण आरशात उलटंच बघतो. १९७७ च्या एका प्रयोगातही लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा आवडली, मित्रांना मात्र सरळ. प्रिंट सरळच काढा, नाहीतर पदर उजव्या खांद्यावर जाईल!
पुटकुळी, ओरखडा असं दोन आठवड्यांत जाणारं काढा. तीळ, व्रण, स्ट्रेच मार्क विचारल्याशिवाय नाही. लिक्विफाय (फोटोशॉपमधलं आकार ओढून बदलायचं टूल) तर उघडूच नका. कंबर आत ओढली की मागची खिडकीची चौकट वाकते, आणि बाईंना ते सगळ्यात आधी दिसतं.

सुईदोरा:
इलॅस्टिकचे वळ लगेच जात नाहीत, तासभर आधीपासून सैल कपडे घालायला सांगा. संमती लेखी घ्या: घरच्या अल्बमसाठी वेगळी, इन्स्टासाठी वेगळी. तीही फोटो बघून झाल्यावर.